दिल्लीहून परतलेला डोला

इ. स. 1562 मध्ये आमेरच्या राजा भारमलाने आपली कन्या अकबर बादशहास दिली, तेव्हापासून राजपुतान्यातील राजकन्यांचे डोले मोगलांच्या अंतःपुरात जाऊ लागले. आणि पुढील दीडशे वर्षांत पातशाहीची राजधानी आग्र्याहून लाहोरास, लाहोराहून पुन्हा आग्र्यास आणि अखेर दिल्लीस आली, तख्तासाठी भावाने भावाचा आणि पुत्राने पित्याचा घात करण्याचे प्रसंग एकामागून एक घडले, तरी या व्यवहारातील एक नियम अबाधित राहिला. डोला आत जाई, तो बाहेर येत नसे. बादशहा निवर्तला म्हणून त्याच्या राजपूत राण्या माहेरी परतल्या असे कधी झाले नाही. वैधव्यातही त्यांचे आयुष्य तैमूरच्या घराण्याच्या भिंतीआडच सरे. हा नियम 1719 च्या जुलैमध्ये दिल्ली शहरात, दिवसाढवळ्या, वजिराच्या संमतीने आणि काझीच्या निषेधाला न जुमानता मोडला गेला. नादिरशहाने 1739 मध्ये दिल्ली लुटली त्या दिवसापासून मोगलांच्या ऱ्हासाची गणना करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. परंतु माझ्या मते त्या तख्ताची अब्रू नादिरशहा येण्यापूर्वी पुरी वीस वर्षे गेली होती, आणि ती एका विवाहाच्या विच्छेदात गेली होती.

ज्या राजाने हा विच्छेद घडवून आणला त्याचे दिल्लीशी असलेले नाते जन्मापासूनचे आणि कडवट होते. मारवाडचा महाराजा जसवंतसिंह 1678 च्या अखेरीस अटकेपलीकडे, जमरूदच्या ठाण्यावर, मोगलांची चाकरी करता करता वारला. त्याच्या मागे, 1679 च्या आरंभी, लाहोर येथे त्याच्या राणीच्या पोटी अजितसिंह जन्मास आला. औरंगजेबाने जोधपूर खालसा केले आणि बाळराजासह राण्यांना दिल्लीत अडकवून ठेवण्याचा हुकूम सोडला. तेव्हा दुर्गादास राठोड आणि त्याचे सोबती यांनी त्याच वर्षीच्या जुलैत दिल्लीच्या रस्त्यांवर आपली शिरे वेचून त्या तान्ह्या मुलास शहराबाहेर काढले. पुढची अठ्ठावीस वर्षे अजितसिंहाने डोंगरकपारीत आणि परक्यांच्या आश्रयाने काढली, आणि 1707 मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूची वार्ता येताच मोगल फौजदारास हुसकून देऊन त्याने जोधपूरची गादी घेतली. ज्या पुरुषाच्या आयुष्याचा पहिला प्रवासच मोगलांच्या पहाऱ्यातून झालेला होता, त्याला त्याच शहरात आपली लेक पाठवावी लागली, ही गोष्ट पुढील वृत्तान्त वाचताना विसरता येण्यासारखी नाही.

औरंगजेबाचा पणतू फर्रुखसियर हा 1713 च्या जानेवारीत आपला चुलता जहांदारशहा याचा आग्र्याजवळ पराभव करून तख्तावर आला, तो स्वतःच्या पराक्रमाने नव्हे. त्याला तख्तावर बसविले ते बाऱ्ह्याच्या सय्यद बंधूंनी. बाऱ्हा म्हणजे दिल्लीच्या ईशान्येस, गंगा आणि यमुना यांच्या दुआबात, आजच्या मुजफ्फरनगर जिल्ह्यात वसलेला सय्यदांचा मुलूख. तेथील लोक मोगल फौजेच्या हरावलीत लढण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले होते. या बंधूंपैकी थोरला अब्दुल्लाखान कुत्ब-उल्-मुल्क हा किताब घेऊन वजीर झाला. धाकटा हुसेन अलीखान अमीर-उल्-उमरा आणि मीरबक्षी झाला. दिवाणी एकाच्या हाती, फौज दुसऱ्याच्या हाती, आणि बादशहाच्या हाती शिक्का. अशा विभागणीत शिक्क्याच्या धन्याला संशयाने पछाडावे आणि त्याने खुशामतखोरांच्या कानगोष्टी ऐकाव्यात, हे क्रमप्राप्तच होते.

1714 च्या आरंभी अजितसिंहास वठणीवर आणण्यासाठी हुसेन अलीस मारवाडवर रवाना करण्यात आले. पण त्याचबरोबर बादशहाने अजितसिंहास गुप्तपणे लिहिले की, या सरदाराचा निकाल लावलास तर तुझ्यावर कृपा होईल. अजितसिंहाने युद्धाचा प्रसंग टाळला आणि तह केला. ज्येष्ठ पुत्र अभयसिंह याला हुजुरात पाठवावयाचे आणि कन्येचा डोला बादशहास द्यावयाचा, ही त्यातील मुख्य कलमे होती. ते गुप्त पत्र हुसेन अलीच्या हाती लागले. एकाच मोहिमेत या बादशहाने आपल्या सेनापतीला मारण्याची सुपारी ज्याला दिली त्याच्याच मुलीला वधू म्हणून मागितले, आणि दोन्ही गोष्टी एकमेकींस छेद देतात हे त्याच्या ध्यानातही आले नाही. त्याच्या साऱ्या कारकिर्दीचे मर्म मला या एका घटनेत दिसते.

राजकन्येचे नाव इंद्रकुँवर. 1715 च्या मे महिन्यात बादशहाचा मामा शाइस्ताखान तिला आणण्यासाठी जोधपूरकडे गेला आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात, रमजानच्या महिन्यात, ती दिल्लीस पोहोचली. तिला उतरविण्यात आले ते हुसेन अलीच्या हवेलीत. धनी तोवर दख्खनच्या सुभेदारीवर निघून गेला होता. चार दिवसांनी तिच्याकडून कलमा वदवून घेण्यात आला, आणि त्याच रात्री मुख्य काझी शरीअतखान याने एक लाख मोहरांचा मेहेर लिहून निकाह लावला. वधू मुसलमान झाली, मेहेर ठरला, काझीची मोहोर उमटली. शरीअतच्या दृष्टीने या विवाहात उणे काही राहिले नव्हते, आणि चार वर्षांनी जे घडले त्याचे गांभीर्य समजण्यासाठी ही रीतसरता लक्षात ठेवली पाहिजे.

थाटाचा समारंभ मात्र डिसेंबरपर्यंत लांबला, कारण बादशहा आजारी होता. त्या सुमारास दिल्लीत इंग्रजांच्या कंपनीची एक वकिलात कलकत्त्याहून येऊन बसलेली होती. जॉन सरमन तिचा प्रमुख, खोजा सरहद नावाचा अर्मेनियन व्यापारी तिचा दुभाषी, आणि विल्यम हॅमिल्टन हा तिचा शस्त्रवैद्य. दरबारच्या हकीमांना जे साधले नाही ते हॅमिल्टनने साधले. जांघेतील गाठींनी त्रस्त झालेला बादशहा बरा झाला. नोव्हेंबरअखेर भर दरबारात वैद्यास हत्ती, घोडा, पाच हजार रुपये, हिऱ्यांच्या अंगठ्या आणि त्याच्या शस्त्रक्रियेच्या हत्यारांच्या सोन्यात घडविलेल्या प्रतिकृती अशी बक्षिसी मिळाली. नंतर डिसेंबरात रोषणाई आणि आतषबाजी यांनी किल्ला उजळून लग्नाचा सोहळा पार पडला. बादशहाने उपकृत होऊन वैद्याच्या शब्दाखातर इंग्रजांस बंगाल देऊन टाकले, असे जे पुष्कळदा सांगितले जाते, ते खरे नव्हे. फर्मान हाती पडण्यास इंग्रजांना 1717 पर्यंत दफ्तरखान्यांचे उंबरठे झिजवावे लागले. सालिना 3000 रुपये पेशकश देऊन बंगालमध्ये जकात माफ, हा त्याचा गाभा होता. आणि पुढे चाळीस वर्षांनी प्लासीस नेणारा वाद याच कागदाच्या अर्थावरून पेटत गेला. हॅमिल्टन मात्र 1717 च्याच अखेरीस कलकत्त्यास वारला.

इंद्रकुँवर ही फर्रुखसियरची एकमेव राणी नव्हे. सादतखान या इराणी वंशाच्या उमरावाची मुलगी त्याची प्रमुख बेगम होती, आणि 1717 मध्ये काश्मीरलगतच्या किश्तवाडच्या राजाची कन्याही त्याच्या अंतःपुरात आली. प्रत्येक विवाहाने त्याला एक सासरा लाभला, आणि प्रत्येक सासऱ्यात तो सय्यदांविरुद्धचा आधार शोधत होता.

आता दख्खनकडे वळले पाहिजे, कारण या कथेतले आपले माणूस तिकडून येते. हुसेन अली सुभेदारीवर गेला तेव्हा बादशहाने त्याच्या वाटेत दाऊदखान पन्नीस उभे केले, तसेच शाहू छत्रपतींसही त्याच्याविरुद्ध उठण्याची पत्रे धाडली. दाऊदखान लढाईत पडला. आणि मराठ्यांशी झुंजत बसण्यापेक्षा त्यांना आपल्या पाठीशी घ्यावे, या निर्णयास हुसेन अली आला. हुसेन अलीच्या चाकरीतील शंकराजी मल्हार यांच्या मध्यस्थीने आणि पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्या मुत्सद्देगिरीने 1718 मध्ये जो करार ठरला, त्यात स्वराज्याचा मुलूख शाहूंकडे निर्वेध राहावा, दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी मराठ्यांनी वसूल करावी, त्याबदल्यात पंधरा हजार फौजेने सुभेदाराची चाकरी आणि दहा लाखांची पेशकश द्यावी, आणि दिल्लीत नजरकैदेत असलेल्या शाहूंच्या मातोश्री येसूबाई व इतर आप्त यांची सुटका व्हावी, असे ठरले. बादशहाने करारास मान्यता नाकारली. येसूबाई 1689 च्या नोव्हेंबरात रायगड पडला तेव्हा मोगलांच्या हाती सापडल्या होत्या. 1707 मध्ये शाहूंना सोडताना त्यांना ओलीस ठेवून घेण्यात आले होते. एका शहरात, एकाच तख्ताच्या ताब्यात, दोन राजघराण्यांच्या स्त्रिया होत्या. एक कैदी म्हणून ठेवलेली, एक राणी म्हणून आणलेली. परंतु दोघीही राजकारणातल्या तारण होत्या, आणि दोघींच्या सुटकेची किल्ली सय्यदांच्याच हाती येणार होती.

मान्यता मिळत नाही असे दिसताच हुसेन अली 1718 च्या अखेरीस औरंगाबादेहून निघाला, आणि त्याच्यासोबत बाळाजी विश्वनाथ व खंडेराव दाभाडे दहा-बारा हजार मराठ्यांची फौज घेऊन उत्तरेकडे चालले. त्याच्या आधीच, ऑगस्टात, बादशहाने मोठ्या आशेने अजितसिंहास दिल्लीस बोलावून घेतले होते. सासरा आला, तो जावयाच्या मसलतीत न बसता वजीर अब्दुल्लाखानाच्या पक्षात जाऊन मिळाला. बादशहाने पूर्वी त्याच्याकडून गुजरातची सुभेदारी काढून घेतली होती, हे एक कारण. या बादशहाचा शब्द दुसऱ्या दिवशी टिकत नाही, हा स्वतःचा अनुभव, हे दुसरे. आणि ज्या घराण्याने आपल्या बापाचे राज्य गिळले त्याच्याविषयीचा चाळीस वर्षांचा दाह, हे तिसरे. अजितसिंहावर कृतघ्नतेचा दोष ठेवणाऱ्यांनी ही तिन्ही कारणे तोलून मगच निवाडा द्यावा.

1719 च्या फेब्रुवारीच्या मध्यास हुसेन अलीची छावणी दिल्लीच्या उत्तरेस वजीराबादेजवळ यमुनेच्या काठी पडली. राजधानीच्या हद्दीत फक्त बादशहाचीच नौबत झडावी असा शिरस्ता असता, तो आपले नगारे वाजवीत आला. 27 फेब्रुवारीस अब्दुल्लाखान आणि अजितसिंह यांनी किल्ल्यात शिरून पहारे बदलले. वजीर आणि बादशहा यांच्यात उघड शब्दाशब्दी झाली, आणि फर्रुखसियर जनानखान्यात निघून गेला. वजीर आणि राजा यांनी ती रात्र किल्ल्यातच काढली. बाप आणि लेक त्या रात्री एकाच कोटाच्या आत होते. लेकीचा पती आत दडलेला, आणि बापाचे राठोड दारांवर. त्या रात्री बादशहाने सासऱ्याकडे चिठ्ठी धाडली की, किल्ल्याची यमुनेकडील बाजू मोकळी आहे, तिकडे आपली माणसे पाठवून मला बाहेर काढावे. अजितसिंहाने वेळ निघून गेल्याचे उत्तर दिले, आणि ती चिठ्ठी त्याने वजिरास दाखविली असेही लिहिलेले आढळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्दुल्लाखान मारला गेल्याची आवई शहरात उठली. बादशहाच्या पक्षाचे सरदार रस्त्यावर उतरले; त्यांच्या आणि खवळलेल्या बाजारगर्दीच्या तावडीत सापडले ते परमुलखातले, गल्लीबोळांची माहिती नसलेले मराठे शिलेदार. दीड हजारांवर मराठे त्या सकाळी दिल्लीच्या रस्त्यांत कापले गेले. संताजी भोसले हा मराठा सरदार त्यांत पडला. नाना फडणिसांचे आजोबा बाळाजी महादेव भानू हेही याच गर्दीत कामास आले, अशी आपल्याकडील परंपरा आहे. चौथाईच्या सनदांचा उल्लेख आपल्या इतिहासात अभिमानाने होतो आणि व्हावाच; पण त्या सनदांच्या किमतीत या निनावी शिलेदारांची गणना फारशी कोणी करीत नाही, याचे मला दुःख वाटते. त्याच गर्दीत बादशहाचा दुसरा सासरा सादतखान जावयाच्या सुटकेसाठी चांदणी चौकाच्या बाजूने किल्ल्याकडे झुंजत निघाला आणि जखमी होऊन मागे फिरला. एका सासऱ्याचे रक्त रस्त्यावर सांडत होते, आणि दुसरा सासरा आत नव्या बादशहाच्या राज्यारोहणाची वाट पाहत होता.

जनानखान्याची दारे फोडण्यात आली. फर्रुखसियरची आई, बायका आणि मुलगी यांनी त्याच्याभोवती कडे केले. त्यांना बाजूस लोटून त्याला ओढीत बाहेर आणले, त्याच्या डोळ्यांत सळई फिरविली, आणि किल्ल्यातच एका अंधाऱ्या कोठडीत त्याला कोंडले. तख्तावर रफी-उद्-दरजात या क्षयग्रस्त शहाजाद्यास बसविण्यात आले. पहिल्याच दरबारात, अजितसिंहाच्या आग्रहावरून, जिझिया माफ झाला. एप्रिलच्या अखेरीस फर्रुखसियरचा गळा आवळून वध करण्यात आला. तो तेव्हा पस्तीस वर्षांचा होता. त्याचे शव हुमायूनच्या मकबऱ्यात पुरण्यात आले, आणि जिवंतपणी ज्याच्यासाठी बाजार उठला नाही त्याच्या जनाज्यामागे दिल्लीची गोरगरीब जनता आक्रोश करीत गेली. अजितसिंहाची स्वारी रस्त्याने निघाली की लोक त्याला ‘दामाद-कुश’, जावयाचा मारेकरी, अशा शिव्या घालीत.

मराठ्यांची कामे तोवर उरकली होती. मार्चमध्ये चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा नव्या बादशहाच्या शिक्क्याने बाळाजी विश्वनाथांच्या हाती आल्या; येसूबाईंना बरोबर घेऊन पेशवे दक्षिणेस निघाले, आणि जुलैच्या आरंभी त्या माउलीने सुमारे बारा वर्षांनंतर साताऱ्यात आपल्या पुत्रास पुन्हा पाहिले.

त्याच जुलैत, दिल्लीत, दुसरी स्त्री माहेरच्या वाटेस लागली. अजितसिंहाने आपली कन्या परत मागितली. आग्र्यात नेकूसियर नावाचा दुसरा एक शहाजादा बादशहा म्हणून उभा करण्यात आला होता; रफी-उद्-दरजात मरून त्याचा भाऊ तख्तावर आला होता; आणि या धामधुमीत राठोडांची फौज दुखावणे सय्यदांना परवडणारे नव्हते. इंद्रकुँवर पित्याच्या हवाली करण्यात आली. तिने मुसलमानी पोशाख उतरविला, हिंदू रीतीने प्रायश्चित्त झाले, आणि एक कोटीहून अधिक रुपयांची अंदाजलेली संपत्ती बरोबर घेऊन ती जोधपुरास रवाना झाली. इस्लाम स्वीकारलेल्या व्यक्तीस परत देणे हे शरीअतच्या सर्वस्वी विरुद्ध आहे, असा निर्णय काझीने दिला. उलेमांत संताप उसळला. अब्दुल्लाखानाने सर्वांचे ऐकून घेतले आणि केले तेच जे ठरले होते. त्या काळचा इतिहासकार खाफीखान लिहितो की, पूर्वीच्या कोणत्याही बादशहाच्या कारकिर्दीत असे घडले नव्हते.

येथे इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे स्मरण होते. त्यालाही विवाह मोडावयाचा होता, आणि धर्मसत्ता त्याच्याही आड आली. अॅरॅगॉनच्या कॅथरीनशी त्याचा 1509 मध्ये झालेला विवाह रद्द ठरविण्यास पोप सातवा क्लेमेंट तयार होईना, कारण कॅथरीनचा भाचा सम्राट पाचवा चार्ल्स याच्या सैन्याने 1527 मध्ये रोम लुटून खुद्द पोपलाच कोंडीत धरले होते. शेवटी हेन्रीच्या आर्चबिशपने, क्रॅनमरने, 1533 च्या मे महिन्यात तो विवाह रद्दबातल ठरविला, आणि पुढच्याच वर्षी पार्लमेंटने राजास इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख म्हणून जाहीर केले. अॅन बोलिनचा विवाह तिच्या शिरच्छेदापूर्वी दोन दिवस अवैध ठरला. क्लीव्हजच्या अॅनचा 1540 मध्ये सहा महिन्यांत संपला आणि ती जमीनजुमला घेऊन सुखाने इंग्लंडातच राहिली. रोममध्ये वधूच्या भाच्याचे सैन्य होते म्हणून विवाह टिकला. दिल्लीत वधूच्या बापाचे सैन्य होते म्हणून विवाह मोडला. धर्मशास्त्र दोन्हीकडे पूर्ववतच होते. मात्र एक भेद फार मोठा आहे. हेन्रीने विवाह मोडताना राजसत्ता वाढविली. दिल्लीतला विवाह मोडला तेव्हा तो मोडण्याची किंवा राखण्याची इच्छा धरील असा राजाच उरलेला नव्हता. तख्तावरचा शहाजादा आजारी होता, आणि घराण्याच्या सुनेविषयी त्याला कोणी विचारलेही नाही.

परधर्मातून परत येण्याची वाट आपल्या महाराष्ट्रास अपरिचित नव्हती. शिवछत्रपतींचा सेनापती नेताजी पालकर मोगलांच्या हाती पडून मुहम्मद कुलीखान झाला होता, त्याला महाराजांनी 1676 मध्ये स्वधर्मात घेतले; बजाजी निंबाळकराचे उदाहरण त्याहूनही आधीचे. परंतु ते पुरुष होते, शस्त्र धरणारे होते, स्वतःच्या पायांनी परत आले होते. काझीसमोर निकाह लागलेल्या, बादशहाच्या अंतःपुरात चार वर्षे नांदलेल्या राणीस जातीत घेताना राठोडांच्या घरच्या वडीलधाऱ्यांना किती गोष्टींकडे पाठ फिरवावी लागली असेल, हे त्या काळची सोवळी-ओवळी ज्यांना ठाऊक आहेत त्यांना सांगावयास नको. अजितसिंहाने ते केले. पाच वर्षांपूर्वी तहाच्या कलमात तिला लिहून देणाराही तोच होता, हे मात्र त्याच्या श्रेयातून वजा केले पाहिजे. इतिहासकारांनी तिच्या संपत्तीचा अंदाज काढला, तिच्या पोशाखाची नोंद केली, तिच्यावरून काझीने काय म्हटले ते लिहिले. फर्रुखसियरशी तिचे जमले होते की नाही, त्या फेब्रुवारीच्या रात्री पित्याची माणसे दारात उभी असताना ती कोणासाठी रडली, जोधपूरची वाट तिला सुटकेची वाटली की दुसऱ्या बंदिवासाची, हे प्रश्न त्यांच्या लेखणीला शिवले नाहीत. येसूबाईंच्या परतीस एका पुत्राच्या ओढीची जोड होती आणि एक राज्य त्यांची वाट पाहत होते. इंद्रकुँवरची वाट पाहणारा, तिला परत आणणारा, तोच बाप होता.

सय्यदांची सत्ता वर्षभरातच ढासळू लागली. 1720 च्या ऑक्टोबरात हुसेन अली प्रवासात भोसकला गेला. नोव्हेंबरात अब्दुल्लाखान पराभूत होऊन कैद झाला आणि 1722 मध्ये त्याला विष देण्यात आले. फर्रुखसियरची मुलगी, सादतखानाची नात, 1721 मध्ये नव्या मुहम्मदशहा बादशहास देण्यात आली आणि मलिका-उझ्-झमानी म्हणून तिने पुढे किल्ल्यातच दीर्घ काळ मान भोगला. अजितसिंह मात्र 1724 च्या जूनमध्ये जोधपुरात स्वतःच्या महालात झोपलेला असता मारला गेला. मारणारा त्याचा धाकटा मुलगा बख्तसिंह, आणि त्यामागे हात ज्येष्ठ मुलगा अभयसिंहाचा. हाच तो अभयसिंह, ज्याला बहिणीच्या डोल्याबरोबर एकाच तहाच्या कलमाने दिल्लीस पाठविले होते.